उच्च दाबाखाली बनणारी नवी उच्च-ऊर्जा नायट्रोजन संयुगं संगणकाने आधी सांगता येतात का? कोणतं सॉफ्टवेअर शिकू?

सांगता येतात. एकेरी बंधांचं जाळं असलेला क्युबिक गॉश नायट्रोजन मेलिओट, यांग आणि मॅकमहन यांनी 1992 साली गणिताने मांडला. 2004 मध्ये एरेमेट्स यांच्या गटाने डायमंड अँव्हिल सेलमध्ये (दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना दाबणारं उपकरण) 110 गिगापास्कल दाब आणि 2000 केल्विनच्या वर तापमान देऊन तो बनवून दाखवला.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर युस्पेक्स, कॅलिप्सो, एअर्स यांपैकी जे तुमच्या गटात चालतं ते घ्या. रचना शोधून देणं हे तिघांनाही जमतं. खरा प्रश्न पुढचा आहे, मिळालेल्या रचनांपैकी ठेवायच्या कोणत्या. त्यावर मला बोलायचंय.

पीएचडीत मी एका धातूच्या नायट्रोजन-समृद्ध संयुगांवर काम करत होते. शोधातून बऱ्याच रचना आल्या. काही कॉन्व्हेक्स हलवर होत्या (म्हणजे ज्यांचं दुसऱ्या पदार्थांत विघटन होऊन ऊर्जा कमी होत नाही अशा सर्वात स्थिर रचनांच्या रेषेवर), काही प्रति अणू थोड्याशाच मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टने वर. त्यातल्या एका रचनेत नायट्रोजनच्या साखळ्या होत्या आणि दाब पूर्ण काढल्यावरही तिचे फोनॉन, म्हणजे अणूंची कंपनं, स्वच्छ होते, एकही काल्पनिक वारंवारता नाही, म्हणजे रचना आपोआप मोडणारी नव्हती. मी ती तक्त्यात ठेवली. गाईडनी लाल पेनाने ओळ खोडली आणि म्हणाले, "हलवर नाही, म्हणजे नाहीच." मी म्हटलं, सर, दाब काढल्यावर आपल्या यादीतलं एकही संयुग हलवर नसतं. ते म्हणाले, वाद घालू नकोस, रेफ्री हेच विचारतील. ती ओळ थिसिसमध्ये गेली नाही.

मी तेव्हाही बरोबर होते आणि आजही तेच म्हणते. दोन नायट्रोजन अणूंमधल्या तिहेरी बंधाची ऊर्जा मोलमागे सुमारे 945 किलोज्यूल, एकेरी बंधाची 160 च्या आसपास. पॉलिमर जाळ्यात दोन अणूंमागे तीन एकेरी बंध येतात, म्हणजे साधारण 480. जाळं तुटून नायट्रोजन वायू झाला की मधला सगळा फरक बाहेर पडतो. या पदार्थांना 'उच्च-ऊर्जा' म्हणायचं कारण एवढंच. साध्या दाबाला जे हलवर बसतं, त्यात नायट्रोजन सोडून मोकळी करण्यासारखी ऊर्जाच उरत नाही. मग हलच्या वरचं सगळं खोडायचं आणि शीर्षकात 'उच्च-ऊर्जा' लिहायचं, हे मला पटत नाही.

2020 साली काळ्या फॉस्फरससारखी रचना असलेला नायट्रोजन 140 गिगापास्कलच्या आसपास मिळाला, तोही दोन वेगळ्या गटांना. नेहमीच्या डीएफटी गणितात (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढायची पद्धत) त्या दाबाला दुसऱ्या रचना ऊर्जेत त्याहून खाली येतात. तरी तापवल्यावर हाच बनला. मी तो शोधनिबंध गाईडना पाठवला. उत्तर आलं नाही.

म्हणून माझा सल्ला: हलच्या थोड्या वरच्या रचना फेकू नका, त्यांची वेगळी यादी करा. प्रत्येकीचे फोनॉन ज्या दाबाला ती बनेल तिथे आणि शून्य दाबाला, दोन्हीकडे काढा. मग विघटनाच्या वाटेतला ऊर्जेचा अडथळा मोजा. ही पायरी महाग आहे, पण कुपीत काय टिकेल ते तीच सांगते. सुरुवातीचा पदार्थही आत्ताच ठरवा. सीझियम पेंटाझोलेट (पाच नायट्रोजनांच्या कड्या असलेलं संयुग) 2016 मध्ये गणित आणि प्रयोग यांच्या जोडीने आलं, कारण सीझियम अझाइड नायट्रोजनमध्ये दाबायचं हे ठरलेलं होतं. त्याचं लिथियमवालं भावंड 2018 मध्ये साध्या दाबापर्यंत टिकलं.

मर्यादाही आहेत. सगळंच ठेवलं तर यादीला अर्थ राहत नाही. प्रति अणू दोनशे मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट वर असलेली, अडथळा न मोजलेली रचना मीही खोडेन. शून्य-बिंदू ऊर्जा (शून्य केल्विनलाही अणूंच्या कंपनांत उरणारी) आणि तापमान धरलं नाही तर जवळजवळच्या रचनांचा क्रम उलटू शकतो. आणि मोठ्या युनिट सेलपुढे (स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा मूळ तुकडा) आंधळा शोध हात टेकतो. 2023 मध्ये पोटॅशियमचं जे संयुग सापडलं, त्याच्या सूत्रातच 9 पोटॅशियम आणि 56 नायट्रोजन आहेत, आत सहा नायट्रोजनांची सपाट कडी. ते आधी क्ष-किरण विवर्तनात दिसलं, गणित मागून आलं. त्यामुळे प्रयोग करणारा एखादा गट सुरुवातीपासून सोबत घ्या, आणि तुमची दुसरी यादी त्यांच्या हातात द्या, गाईडनी खोडलेली असली तरी.