जादू आणि तंत्रज्ञान एकत्र असलेली छोटी विज्ञान कादंबरी सुचवाल का?

एड्रियन चायकोव्स्की यांची 'एल्डर रेस' (2021) वाचा. जेमतेम दोनशे पानं आहेत, सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत होते. इंग्रजीतून वाचावी लागेल.

मंत्र आणि यंत्र एकाच गोष्टीत आले की दोन्हींची मजा जाते, असं वाटू शकतं. इथे तसं होत नाही, कारण घटना एकच आहे आणि ती बघणारे दोघं आहेत. लिनेस ही राणीची चौथी मुलगी, घरात तिला कुणी फारसं विचारत नाही. राक्षस मोकाट सुटलाय म्हणून ती मनोऱ्यात झोपलेल्या मांत्रिकाला उठवायला जाते. त्यानं पूर्वी तिच्या घराण्याला तसं वचन दिलेलं असतं. हा मांत्रिक, निर, मुळात पृथ्वीवरून आलेला मानववंशशास्त्रज्ञ. परग्रहावरच्या या मानवी वसाहतीचं फक्त निरीक्षण करायचं, मध्ये पडायचं नाही, हा त्याचा नियम. पण पृथ्वीकडून कित्येक पिढ्यांत निरोपच आलेला नाही.

एका प्रकरणात निरला राहवत नाही आणि तो लिनेसला सगळं खरं सांगून टाकतो: माणसं इथे कुठून आली, कशी आली. ते प्रकरण दोन रकान्यांत छापलंय. एकात तो सांगतो ते, शेजारी तिला ऐकू येतं ते. त्याचा इतिहास तिच्यापर्यंत पोचेस्तोवर पुराणकथा झालेला असतो, आणि खोटं कुणीच बोललेलं नसतं. अप्रतिम पानं आहेत. शक्यतो छापील प्रत घ्या, रकाने शेजारी-शेजारी दिसायला हवेत.

मला निर जास्त भिडला. भावना बाजूला ठेवणारी एक यंत्रणा त्याच्या शरीरातच बसवलेली आहे. ती चालू असेपर्यंत डोकं थंड राहतं, पण दुःख आत साचत जातं आणि बंद केली की सगळं एकदम अंगावर येतं. लिनेसला दिसतो निर्विकार सिद्धपुरुष, आपल्याला दिसतो नैराश्यानं पोखरलेला एकटा माणूस. चायकोव्स्की प्राणिशास्त्राबरोबर मानसशास्त्रही शिकलेत, ते इथे जाणवतं.

आणि तो राक्षस निरच्या विज्ञानातही बसत नाही. पुढचं सांगत नाही.

निरच्या सुरुवातीच्या प्रकरणात बोजड शब्द येतात, तेवढ्यावरून पुस्तक खाली ठेवू नका. पुढे लगेच लिनेस येते.