मोबाईल ॲपमधलं बटण नेमकं किती मोठं असावं?

अँड्रॉइडवर टॅप होणारी जागा कमीत कमी ४८ बाय ४८ डीपी ठेवा (डीपी म्हणजे कुठल्याही स्क्रीनवर साधारण तेवढंच दिसणारं माप), आयफोनवर ४४ बाय ४४ पॉइंट (तिथलं तसंच माप), हे आकडे गूगल आणि ॲपलच्या स्वतःच्या डिझाइन गाइडलाइनमध्येच दिलेत. ४८ डीपी म्हणजे गूगलच्या हिशेबाने स्क्रीनवर साधारण ९ मिलिमीटर, त्याहून लहान केलं की बोट शेजारच्या बटणावर पडतं, आणि ‘एडिट’ला खेटून ‘डिलीट’ असेल तर समोरच्याचं केलेलं काम जातं. पण याचा अर्थ आयकॉन एवढा मोठा काढायचा असा नाही हं, आयकॉन २४ डीपीचाच राहू दे, चारी बाजूंनी १२-१२ डीपीचं पॅडिंग, म्हणजे टॅप होणारी रिकामी जागा, द्या, झाले ४८. वेबसाइटसाठी २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं) २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल (वेबपानावरचं मापाचं एकक) आहे, पण ती अगदी खालची मर्यादा, वयस्कर लोक वापरणार असतील तर तिथे थांबू नका. फक्त एक, लेबल मराठीत असेल तर उंची फिक्स करू नका, किमान उंची द्या, नाहीतर कुणी फॉन्ट मोठा केला की ‘पुढे’मधला उकार खालून कापला जातो आणि मात्रा वरून.