सांगोल्याकडच्या आमच्या खिलार वळूने भरवलेल्या गाई जूनपासून उलटतायत, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतायत. वळू बाद झाला का?

लगेच विकू नका. एखादीच गाय उलटत असेल तर दोष गाईत शोधा. सगळ्याच उलटत असतील तर वळूला उन्हाळा बाधला असण्याची शक्यता मोठी आहे. अंडकोष शरीरापेक्षा ४-५ अंशांनी थंड राहावे लागतात, आणि आपल्या सोलापूरकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ६० दिवस, पक्व होऊन बाहेर यायला आणखी ८-१० दिवस लागतात. म्हणून मेमधल्या उन्हाचं नुकसान जून-जुलैतही दिसत राहतं, वळू अंगाने धडधाकट असला तरी. जोमाने उडी मारतो म्हणजे वीर्य चांगलं, हा समज तर सोडूनच द्या.

पशुवैद्यकाकडून वीर्य तपासून घ्या: हालचाल, संख्या, विकृत शुक्रजंतू. खराब आलं तर दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा तपासा, तोवर गाईंना कृत्रिम रेतन करा. ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या संसर्गजन्य रोगाची) रक्तचाचणी मात्र टाळू नका, गावभरच्या गाई त्याच्याकडे येत असतील तर नक्कीच नाही. पुढच्या चैत्रापासून त्याला कडुलिंबाच्या दाट सावलीत बांधा, गार पाणी ठेवा.