आरोग्याच्या विधेयकांवर कोल्हापूरच्या आमदारांनी कसं मत दिलं, हे कुठे बघायला मिळेल?

तुम्ही लिहिलंय की नोकरीमुळे पुण्यात आहात, मतदार यादीत नाव मात्र अजून कोल्हापुरातच आहे, आणि आपले आमदार-खासदार आरोग्याच्या विधेयकांवर कुठल्या बाजूनं मत देतात ते अमेरिकेतल्यासारखं नावानिशी बघायचंय.

माझं शिवाजी पेठेत टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मी कुठल्या पक्षाचा नाही (पेठेत हे कुणाला पटत नाही, पण असो). अधिवेशन सुरू झालं की रात्री शटर ओढून आत हेच कागद चाळत बसतो, त्या अनुभवावर लिहितोय.

आमदारांच्या मतांची यादी शोधत बसू नका. ती कुणी दडवलेली नाही, बहुतेक वेळा ती तयारच होत नाही. विधानसभेत विधेयक मताला टाकलं की अध्यक्ष आधी 'होय'वाल्यांना विचारतात, मग 'नाही'वाल्यांना, दोन्हीकडचा आवाज ऐकतात आणि विधेयक संमत झाल्याचं सांगतात. हे आवाजी मतदान. २८८ जणांपैकी कोण होय म्हणालं, कोण गप्प बसलं, कोण कॅन्टीनमध्ये होतं, याची नोंद राहत नाही. कुणी पोल, म्हणजे मतांची मोजणी, मागितला आणि मतविभाजन झालं तरच नावं किंवा आकडे कागदावर येतात, आणि तसं क्वचित होतं. शिवाय पक्षाचा व्हीप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश असतो. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली, तेव्हापासून व्हीप मोडून मत देणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे नावं मिळाली तरी त्यातून पक्षाचं मत कळेल, तुमच्या माणसाचं कळेलच असं नाही.

खासदारांचं थोडं बरं आहे. तिथंही आवाजी मतदानच जास्त, पण मतविभाजन झालं की नावं लोकसभेच्या कार्यवाहीत छापली जातात. आरोग्यातलं ठळक उदाहरण म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचं विधेयक. २९ जुलै २०१९ ला लोकसभेत ते २६० विरुद्ध ४८ मतांनी संमत झालं. त्या दिवसाची कार्यवाही संसदेच्या संकेतस्थळावर उघडली की बाजूनं कोण आणि विरोधात कोण ते वाचता येतं. हजेरी, प्रश्नांची संख्या, खासगी विधेयकं हे संसदेच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या पानावर खासदारानुसार आयतं मिळतं. कोल्हापूर आणि हातकणंगले, दोन्ही मतदारसंघ तिथं आहेत. त्यात दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ जात नाही.

आमदारांसाठी असं आयतं ताट नाही. मी या नादाला लागलो ते २०२३ च्या पावसाळ्यात. आईला गल्लीतलं कुत्रं चावलं. जिथं नेलं तिथं लस होती, पण जखमेत द्यायचं रेबीजविरोधी सिरम नव्हतं. हातात एक चिटोरा दिला, "बाहेरून आणा". सरकारी दवाखान्याची वाट तुडवलेल्या प्रत्येकाला ही बाहेरची चिठ्ठी माहीत आहे. रात्री साडेनऊला तीन मेडिकल पालथी घातली तेव्हा सिरम मिळालं. घरी आल्यावर डोक्यात एकच होतं: याबद्दल मुंबईत कुणी काही बोलतं की नाही?

बोलतात, आणि त्याचा माग प्रश्नांत सापडतो. महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर अधिवेशनानुसार तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात, लक्षवेधी सूचना असतात, विधेयकांच्या प्रती असतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात, हे तुम्हाला माहीत असेलच. तारांकित प्रश्नांची यादी उघडलीत की साचा लगेच लक्षात येईल. नमुना म्हणून मीच एक जुळवून देतो, खरा शोधू नका: आधी क्रमांक, मग सदस्यांची नावं आणि कंसात मतदारसंघ, मग "सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय". त्याखाली अमुक तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात श्वानदंशावरचं सिरम नाही हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, आणि अगदी शेवटी ठरलेलं वाक्य, "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

उत्तरांचाही साचा आहे. "हे खरे नाही." "हे अंशतः खरे आहे." आणि माझं लाडकं, "प्रश्न उद्भवत नाही." सुरुवातीला मी 'अंशतः' वाचून पुढे जायचो. आता तिथंच थांबतो. सरकार स्वतःच्या सहीनं अर्धं तरी कबूल करतंय, ते अर्धं कुठलं हे पुढच्या दोन ओळींत असतं: किती पदं रिक्त, किती मागणी नोंदवली, पुरवठा कधी झाला. दवाखान्यात जाऊन विचारलंत तर हेच आकडे तुम्हाला कुणी देणार नाही.

एक धंद्यातली गोष्ट. जुन्या याद्यांच्या पीडीएफमध्ये 'आरोग्य' शोधलंत आणि काहीच सापडलं नाही तर हताश होऊ नका. त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या असतात, नाहीतर सरळ स्कॅन. कॉपी करून पेस्ट केलं की गिचमिड अक्षरं येतात. युनिकोडमध्ये बदलायचे कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. मी शेवटी डोळ्यांनीच बघतो, कंसातली मतदारसंघांची नावं झरझर पकडत: चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कोल्हापूर उत्तर, शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ. आपल्या जिल्ह्याचे हे दहा. तुमचं नाव नेमकं कुठल्या मतदारसंघात आहे ते आधी यादीत बघून घ्या. शहरातल्या शहरात उत्तर आणि दक्षिण असे दोन आहेत आणि बाहेर राहणाऱ्यांचा इथंच घोळ होतो.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी मी काय केलं, कंसातली नावं मोजली, दहा मतदारसंघांचा तक्ता केला, वरचा नंबर हिरवा, खालचा लाल, आणि टाकला मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथून तो कुठं कुठं फिरला देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी कागलच्या दाजींचा फोन. कागलला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात ते उगाच नाही, तिथला चहावालाही पक्षांतरबंदीवर तासभर बोलेल. तक्त्यात कागलपुढे भोपळा होता.

"काय पावणं, मंत्री सोताच सोताला प्रश्न विचारतोय व्हय?"

मला उत्तर सुचेना. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. कागलचे आमदार हसन मुश्रीफ तेव्हा मंत्री होते, म्हणजे त्यांच्यापुढे शून्यच येणार. मी तो तक्ता मागे घेतला आणि ग्रुपवर माफी मागितली. पण फिरलेला तक्ता परत येत नाही, पुढे दोन महिने तो मलाच कुणी ना कुणी पाठवत होतं.

तक्त्यात दुसरी चूकही होती, ती दाजींनाही दिसली नव्हती. एका प्रश्नाखाली दहा-दहा, वीस-वीस नावं असतात. पहिलं नाव बहुधा ज्यानं खरोखर विषय उचलला त्याचं, बाकीचे सोबत. नुसती नावं मोजली की दुसऱ्याच्या वरातीत नाचणाराही नवरदेव ठरतो. आता मी पहिलं नाव वेगळं लिहितो आणि प्रश्न कुठल्या गावाचा हेही लिहितो. आपल्या आमदाराचं नाव पार विदर्भातल्या दवाखान्याच्या प्रश्नाखाली असू शकतं. त्यात वाईट काही नाही, पण कोल्हापूरच्या खात्यात ते धरता येत नाही.

मंत्र्यांचा मुद्दा आपल्या जिल्ह्यात जास्तच महत्त्वाचा आहे. डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात सार्वजनिक आरोग्य खातं राधानगरीचे प्रकाश आबिटकर यांच्याकडे आलं आणि वैद्यकीय शिक्षण कागलचे मुश्रीफ यांच्याकडे. २०१९ च्या सरकारात शिरोळचे राजेंद्र पाटील-यड्रावकर आरोग्य राज्यमंत्री होते. राधानगरी किंवा कागलच्या मतदारानं आपल्या आमदाराचे प्रश्न शोधायचे नसतात, त्याची उत्तरं वाचायची असतात, राज्यभरातल्या दवाखान्यांबद्दलची.

आणि कुठला दवाखाना कुणाचा हे माहीत नसेल तर तुम्ही चुकीच्या यादीत शोधत राहाल. आपला थोरला दवाखाना, सीपीआर, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेला आहे, म्हणून त्याचा प्रश्न वैद्यकीय शिक्षण खात्याकडे जातो. गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्याकडे. प्राथमिक आरोग्य केंद्र रोजच्या कारभारात जिल्हा परिषदेचं. शहरातलं सावित्रीबाई फुले रुग्णालय महापालिकेचं. तिथं प्रश्न विचारायला नगरसेवक हवेत, आणि आपल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपल्यावर वर्षानुवर्षं प्रशासकच होता. त्या काळातले नगरसेवकांचे प्रश्न शोधू नका, सभागृहच नव्हतं.

विधेयकांकडे येतो. माझ्या त्या चिठ्ठीशी थेट नातं असलेला कायदा २०२३ चा, महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा. त्याआधी २०१७ पासून सरकारी दवाखान्यांची मोठी औषधखरेदी हाफकिन महामंडळामार्फत चालायची. विधेयकं मी उलटीकडून वाचतो. शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं, त्यात हे विधेयक का आणावं लागलं ते सरकारच्याच शब्दांत असतं. त्याच्या आसपास वित्तीय ज्ञापन, म्हणजे तिजोरीवर किती भार. मधली कलमं वकिलांसाठी. कायदा झाला म्हणून गोळ्या कपाटात येत नाहीत. प्राधिकरणाला पदं, पैसा आणि नियम लागतात. ते पुढे शासन निर्णयांतून येत राहतं. शासनाच्या संकेतस्थळावर खातं निवडून तारखेनुसार निर्णय उघडता येतात, आणि प्रत्येकावर संगणक संकेतांक असतो, तो वहीत टिपून ठेवावा. नंतर शोधताना शब्द दगा देतो, आकडा देत नाही.

खरं सांगायचं तर तुमच्या-माझ्या आजारपणाला भिडणाऱ्या कितीतरी गोष्टी विधेयकातून येतच नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं ते जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं. खासगी दवाखान्यात दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद लावायचं बंधन आलं ते जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती करून. मूळ कायदा १९४९ चा. दोन्ही वेळा सभागृहात मतदान नाही. उलट केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट (दवाखान्यांच्या नोंदणीचा) कायदा स्वीकारण्याचा ठराव महाराष्ट्रानं केलेला नाही. न आणलेल्या ठरावावर कुणाचं मत शोधणार? त्यावर कुणी प्रश्न विचारला का, एवढंच बघता येतं.

आमदार निधीतून रुग्णवाहिका किंवा यंत्र दिल्याचे फलक चौकाचौकात असतात. ते खरं किती, हे जिल्हा नियोजन कार्यालयाकडे माहिती अधिकारात विचारा, दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. अर्जात "आरोग्यासाठी काय केलं" असं लिहू नका, "सर्व माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे" असं उत्तर येतं. वर्ष, मतदारसंघ, कामाचं नाव, मंजूर रक्कम, खर्च झालेली रक्कम असे रकाने पाडून मागा. निधी वर्षाला पाच कोटींचा आहे, २०२२ च्या अर्थसंकल्पात तो चार कोटींवरून वाढला.

सुरुवात करायची तर सगळी अधिवेशनं अंगावर घेऊ नका. शेवटचं संपलेलं एक घ्या, फक्त आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षणाचे तारांकित प्रश्न, आणि फक्त तुमचा मतदारसंघ. दोन रात्रींचं काम आहे. माझ्या वहीत शेवटचा रकाना 'विलंबाची कारणे' असा आहे. त्यात मी मंत्र्यांचं उत्तर शब्दशः उतरवतो आणि पुढच्या अधिवेशनात तोच दवाखाना पुन्हा आला की दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लावतो. सिरमच्या पानावर सध्या चार उत्तरं आहेत, चार वेगवेगळ्या जिल्ह्यांची. त्यातल्या दोन उत्तरांत एकच वाक्य आहे, स्वल्पविरामासकट.