तिथी बघून बेटांवर: क्राबीच्या बोट ट्रिपबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात थायलंडच्या क्राबीवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता पाऊस पडला. त्यातले सारखे सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतेय. मी तिकडे तीनदा जाऊन आलेय, पहिल्यांदा फसले, दुसऱ्यांदा शिकले आणि तिसऱ्यांदा खरी मजा आली, तेव्हा जे सांगतेय ते त्या फसण्यासकट.

प्रश्न : आम्ही सहा मैत्रिणी जानेवारीत क्राबीला जातोय. फोर आयलंड टूर करायचीय. एजंट म्हणतो स्पीडबोट घ्या, पटापट होतं. एक मैत्रीण म्हणते लाकडी बोट घेऊ, आपल्यापुरती. काय करावं? (पुणे)

मैत्रिणीचं ऐका. स्पीडबोटीत तीस-चाळीस माणसं कोंबलेली असतात, गाइड शिट्टी वाजवतो, पंचेचाळीस मिनिटं म्हणजे पंचेचाळीसच, आणि सगळ्या स्पीडबोटी एकाच वेळी एकाच बेटावर, म्हणजे तुम्ही समुद्र बघायला गेलात की दादर स्टेशन हेच कळत नाही. लाकडी बोट म्हणजे लाँगटेल. तिच्या मागे ट्रकचं वगैरे जुनं इंजिन उघडंच बसवलेलं असतं, त्याला लांबलचक दांडा आणि टोकाला पंखा, म्हणून लाँगटेल. आवाज प्रचंड, कापसाचे बोळे न्या. पण क्राबीतल्या आओ नांगच्या किनाऱ्यावर बोटवाल्यांचं काउंटर आहे, तिथे दरांचा बोर्ड लावलेला असतो, अर्धा दिवस किंवा पूर्ण दिवस, पैसे माणशी नाही तर बोटीमागे, त्यामुळे सहा जणींत वाटून घेतलं की फार महाग पडत नाही. नॅशनल पार्कची फी मात्र वेगळी द्यावी लागते, बेटांप्रमाणे माणशी साधारण २०० ते ४०० बाट, ती रोख आणि सुटी ठेवा.

पण स्वस्त-महाग हा मुद्दाच नाही, मुद्दा आहे ओहोटीचा. फोर आयलंडमधली सगळ्यात भारी जागा म्हणजे थाले वेक, अर्थ दुभंगलेला समुद्र. को तुप, को मोर आणि को काय ही बेटं ओहोटीला वाळूच्या पट्ट्याने जोडली जातात, दोन्हीकडे पाणी आणि मधून आपण चालत या बेटावरून त्या बेटावर. भरतीला तो पट्टा गायब. मी पहिल्या वेळी स्पीडबोटीने गेले होते, भरतीच्या वेळी पोचलो, गाइड पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला 'सॅंडबार', आणि आम्ही चाळीस जण कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्या न दिसणाऱ्या सॅंडबारचे फोटो काढत होतो! टूरची वेळ ठरलेली, बेटांचा क्रम ठरलेला, समुद्राला कोण विचारतो.

आता इथे आपलं कोकणातलं ज्ञान कामाला येतं बघा. माझे मामा तिथीवरून भरती सांगायचे, तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, म्हणजे अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता पूर्ण भरती, बाराला पूर्ण ओहोटी. हा तास आपल्या किनाऱ्याचा, क्राबीचं घड्याळ वेगळं, तिकडच्या वेळेसाठी मोबाइलवर टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, बघायचं. पण उधाण आणि भांग सगळीकडे सारखंच. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं, वाळूचा पट्टा मस्त रुंद उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी धड चढत नाही धड उतरत नाही, पट्टा कसाबसा दिसतो किंवा नाहीच. म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधी कालनिर्णय उघडा, मी खरंच सांगतेय.

यात एक गोम आहे. उधाणाला पाणी जोरात ओढतं, तळाची वाळू उठते, स्नॉर्कलिंगला, म्हणजे पाण्यात तोंड घालून नळीतून श्वास घेत मासे बघायला, गढूळ दिसतं आणि करंटही जास्त. भांगाला पाणी त्यामानाने निवळ. म्हणजे पट्ट्याला उधाण हवं आणि माशांना भांग! मी तिसऱ्या वेळी पौर्णिमेनंतर चतुर्थी-पंचमी धरली, पट्टाही मिळाला आणि पाणीही बरं होतं. संकष्टीचा उपास तेवढा मोडला.

छोट्या बोटीचा खरा फायदा हाच, की बोटवाल्याला टाइड टेबल दाखवून सांगता येतं, ओहोटीच्या वेळेला थाले वेक, बाकीची बेटं तुम्हाला सोयीची तशी लावा. तो खूशच होतो, कारण त्यालाही तेच बरोबर वाटत असतं. आणि हो, बोटीच्या नाकाडाला रंगीत कापडं आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात, ती बोटीच्या देवीची जागा, मे या नांग म्हणतात, तिच्यावर पाय ठेवून फोटो काढू नका. आपले कोळी नाळेला नारळ वाढवतात ना, तसंच समजा.

प्रश्न : वय ६३, पोहता येत नाही, चष्मा आहे, बीपीची गोळी चालू आहे. मुलगा आणि सून स्नॉर्कलिंग करणार आणि मी बोटीत बसून पिशव्या सांभाळणार असं दिसतंय. मला जमेल का? (नाशिक)

काका, पिशव्या बोटवाला सांभाळेल. आधी डॉक्टरांना विचारा, पण नुसतं 'थायलंडला जाऊ का' असं विचारू नका, 'तोंडाने नळीतून श्वास घेत पाण्यात तरंगणार आहे' असं नीट सांगा, कारण नळीतून श्वास घेताना छातीला रोजच्यापेक्षा जास्त जोर लागतो आणि घाबरलं की तो अजून वाढतो. डॉक्टर हो म्हणाले तर पुढचं वाचा.

स्नॉर्कलिंगला पोहावं लागत नाही, तरंगावं लागतं, आणि तरंगायचं काम लाइफ जॅकेट करतं. जॅकेटचे सगळे पट्टे आवळा, मधला पायातून जाणारा असेल तर तोही, नाहीतर जॅकेट वर सरकून कानाशी येतं आणि माणूस खालीच राहतो. पहिला प्रयोग समुद्रात नको, हॉटेलच्या पूलमध्ये किंवा घरी बादलीत. हसू नका, मी माझ्या सासऱ्यांना बादलीत तोंड बुडवून नळीतून श्वास घ्यायला शिकवलं होतं, सोसायटीतले लोक खिडकीतून बघत होते. नाकाने श्वास घ्यायची सवय मोडायला दोन-तीन दिवस जातात, ते घरीच गेलेले बरे.

मिशा आहेत का? तुम्ही लिहिलं नाहीत पण विचारते, कारण मास्कची कड मिशांवर नीट चिकटत नाही आणि पाणी झिरपतं. वरच्या ओठाजवळ थोडं व्हॅसलीन लावा नाहीतर मिशा बारीक करा, ठरवा तुम्ही. चष्मा मास्कच्या आत जात नाही, पण नंबरचे मास्क मिळतात, अगदी तुमचाच नंबर नसला तरी जवळपासचा चालतो, इथूनच घेऊन जा. काचेवर वाफ धरते त्याला बेबी शांपूचा एक थेंब, आणि तोही नसेल तर थुंकी, जगभर तेच करतात.

पाण्यात उतरल्यावर बोटीची शिडी किंवा दोरी हाताशी ठेवून पाच मिनिटं नुसतं खाली बघा. पिवळे-काळे पट्टेवाले सार्जंट मेजर मासे स्वतःहून तुमच्या तोंडापुढे येतात, तिथेच निम्मी भीती जाते. मुलगा बाजूलाच हवा, तो लांब जाऊन व्हिडिओ काढत बसला तर उपयोग नाही. दम लागला, छातीत कसंतरी झालं, लगेच वर, लाज वाटून घ्यायची नाही. आणि गुडघे? ते लिहा मला, कारण लाँगटेलमध्ये चढायला गुडघाभर पाण्यातून चालून उभ्या शिडीने वर जावं लागतं, खरा त्रास तिथे होतो.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, त्यात सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत. बोटीवरच्या जेवणाचं काय? (जळगाव)

व्हेज म्हणून जे मिळतं त्यात फिश सॉस असतोच, त्याला नाम प्ला म्हणतात, आणि तो घालणाऱ्याला त्यात मासा आहे असं वाटतच नाही. त्यामुळे 'व्हेज' म्हणू नका, 'जे' म्हणा. हा तिकडचा शब्द आहे, त्यात मांस, मासे, अंडं काही नाही आणि कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ते लिहिलेलं हॉटेल दिसलं की डोळे मिटून आत जा. बोटीच्या दिवशी मात्र आदल्या रात्रीच सांगून ठेवा आणि दशम्या, चटणी डब्यात घ्याच. डबा स्टीलचा घ्या, तिकडच्या नॅशनल पार्कांत एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक आणि थर्माकोल चालत नाही. आणि उरलेली पोळी माशांना टाकायची नाही, तेही बेकायदा आहे, आपल्याला पुण्य वाटतं पण मासे शेवाळ खायचं सोडून पोळीमागे लागतात आणि शेवाळ प्रवाळावर चढतं.

सासूबाई बरोबर आहेत म्हणून एक आधीच सांगते, याच टूरमध्ये फ्रा नांग बीच असतो, तिथे गुहेत देवीचं स्थान आहे आणि कोळ्यांनी नवसाचे म्हणून वाहिलेले लाकडी लिंगांचे ढीग आहेत, छोटे, मोठे, रंगवलेले. सासूबाईंना आधी कल्पना द्या, किंवा देऊ नका. (आमच्या आत्याने हात जोडले आणि पुढे गेली.)

प्रश्न : कपडे काय घालायचे? बिकिनी जमणार नाही. आणि नेमकी त्याच दिवशी पाळी आली तर? (कोल्हापूर)

लांब बाह्यांचा स्विमिंग टॉप आणि लेगिंग, बास. उन्हात पाठ भाजते त्यावर तोच उपाय, स्नॉर्कलिंग करताना पाठ तासभर वर असते आणि पाण्यात कळतच नाही, रात्री कळतं. सुती कुडता किंवा जीन्स नको, भिजून जड होतं आणि पाय अडकतात. अंगठ्या, मंगळसूत्र हॉटेलच्या लॉकरमध्ये. पाळीसाठी टॅम्पॉन किंवा कप, पॅड पाण्यात काही कामाचं नाही, पण हे आधी दोन महिने घरी वापरून बघ ग, पहिल्यांदा बोटीवर नको, तिथे टॉयलेट नसतं.

प्रश्न : जूनमध्ये फार स्वस्त पॅकेज मिळतंय, मुलांची शाळा १५ जूनला, त्याआधी जाऊन येऊ का? (ठाणे)

स्वस्त का आहे ते लक्षात घ्या. जो नैऋत्य मान्सून आपल्याकडे येतो तोच तिकडच्या अंदमान समुद्राच्या किनाऱ्यावरही आदळतो, मे ते ऑक्टोबर. कधी चार दिवस लख्ख ऊन पडतं, नाही असं नाही, पण समुद्र कधी उठेल सांगता येत नाही. जुलै २०१८ मध्ये फुकेतजवळ फिनिक्स नावाची टुरिस्ट बोट वादळात उलटली, ४७ माणसं गेली, आणि ती काही लहान लाकडी होडी नव्हती. जायचंच असेल तर बेटांचे दिवस दोन-तीन राखीव ठेवा, बोटवाला नाही म्हणाला की त्याच्याशी हुज्जत घालू नका, आणि तो हो म्हणाला पण लाटांना पांढरे फेस दिसतायत तर तुम्ही नाही म्हणा, पैसे गेले तर गेले. माझं मत विचाराल तर मुलांना नाताळच्या सुट्टीत न्या. डिसेंबरात भाडं दुप्पट आहे हे मलाही माहितीय.

प्रश्न : माया बेमध्ये पोहायचंय, सनस्क्रीन कुठलं न्यावं? (नागपूर)

माया बे म्हणजे फी फी बेटांवरचा तो प्रसिद्ध बीच, तिथे पोहता येत नाही. रोज हजारो लोक आणि बोटींचे नांगर यांनी तिथलं प्रवाळ मेलं म्हणून जून २०१८ मध्ये तो बीच बंद केला, १ जानेवारी २०२२ ला उघडला, पण आता बोटी मागच्या बाजूला लागतात आणि पाण्यात फार तर गुडघ्यापर्यंत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दरवर्षी पूर्ण बंद. सनस्क्रीनच्या बाटलीवर ऑक्सिबेंझोन, ऑक्टिनॉक्सेट, ४-मिथाइलबेंझिलिडीन कॅम्फर, ब्यूटिलपॅराबेन यातलं काही असेल तर ते २०२१ पासून तिथल्या नॅशनल पार्कांत बंद आहे, दंड एक लाख बाटपर्यंत. झिंक ऑक्साइडवालं घ्या, भुतासारखं पांढरं दिसतं पण चालतं.

प्रश्न : बोट लागते. गोळी घेतली की झोप येते, न घेतली की उलटी. (सोलापूर)

अ‍ॅव्होमिन म्हणत असाल तर ती आदल्या रात्री घेऊन बघा, डॉक्टरांना विचारून, सकाळपर्यंत झोपेचा भाग बराच उतरलेला असतो. उपाशी पोटी बसू नका, तेलकटही नको. बोटीच्या मध्यावर बसा, नाकाडावर नाही, तिथे सगळ्यात जास्त उडतं, आणि मोबाइलमध्ये न बघता लांब क्षितिजाकडे बघा. आणि बोट उभी असतानाच जास्त लागते, चालती असताना कमी, म्हणून ती थांबली की पहिल्यांदा पाण्यात उडी तुमची.

प्रश्न : एवढ्या लांब कशाला? आमच्या मालवणात काय कमी आहे? (कणकवली)

काही कमी नाही हो दादा, माझंही आजोळ तिकडचंच. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला स्नॉर्कलिंग होतं, देवबागला त्सुनामी आयलंड आहे, तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा शिकवणारं केंद्र आहे. वर ज्यांनी ज्यांनी 'जमेल का' विचारलंय त्या सगळ्यांना मी हेच सांगणार होते, की परदेशाचं तिकीट काढण्याआधी दिवाळीनंतर दोन दिवस मालवणला जा, मास्क लावून किल्ल्याजवळ पाण्यात तोंड घाला, घाबरलात तर निदान मराठीतून ओरडता येईल. पावसाळ्याचे चार महिने तिकडेही बंद असतं. पाणी क्राबीपेक्षा निवळ मिळेल का, तर ते दिवसावर आहे, म्हणून तिथेही तिथी बघून जा, आणि मालवणात तर गुणिले तीन भागिले चार अगदी तासाला लागू पडतं. बांगडे कुठे खायचे ते तुम्ही मला कळवा.