घर घेताना : तुम्ही विचारा, आम्ही सांगतो

प्रश्न : नमस्कार, मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या नोकरीला पुण्यात. आई-बाबा आता सत्तरीत आहेत, गंगावेशीतलं जुनं घर, जिने चढवत नाहीत. नागाळा पार्कात पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट आवडलाय, झाडी मस्त, महावीर उद्यान चालत जाण्यासारखं. पुराचं विचारलं तर एजंट म्हणतो, "इथं पाणी येत नाही ओ, आलं तरी पार्किंगपर्यंतच." घेऊ का?

उत्तर : भावा, "आलं तरी पार्किंगपर्यंतच" या वाक्यावरच थांबायचं. मीटर बोर्ड कुठंय, पार्किंगमध्ये. पाण्याची खालची टाकी आणि मोटर, पार्किंगमध्ये. लिफ्टचा खड्डा तर त्याच्याही खाली. म्हणजे घरात थेंब आला नाही तरी लाईट नाही, लिफ्ट नाही, नळाला पाणी नाही आणि टाकीत पुराचं पाणी मिसळलेलं, अशात सत्तरीतल्या माणसांनी पहिल्या मजल्यावर बसून काय करायचं? पाणी ओसरल्यावर गाळ काढणं आणि मीटर बदलणं हे वेगळंच.

नागाळा पार्क म्हणजे सगळा एकसारखा नाही हे पण खरं. रमणमळ्याकडं, नदीकडं उतरत जाल तसा भाग सखल होतो आणि वरच्या बाजूला तारा‌बाई पार्काकडं यायला लागलं की उंच, त्यामुळं एकाच पत्त्यावरच्या दोन बिल्डिंगांची कथा वेगळी असू शकते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43, आणि 2019 ला पाणी गेलं 55 च्या वर, 2021 ला 56 च्या वर. शिवाय पाणी नुसतं नदीकडूनच येतं असं नाही, नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं जाईना होतं आणि मागं चढतं, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या लोकांना विचारा. म्हणून "नदी इथून लांब आहे" याला फारसा अर्थ नाही, नाला किती लांब आहे ते बघा.

आता काम सांगतो. महापालिकेच्या नगररचना विभागात गट किंवा सिटी सर्व्हे नंबर देऊन प्लॉट निळ्या पूररेषेच्या आत आहे का, निळ्या-लाल रेषेच्या मधे आहे का ते लेखी घ्या (निळी म्हणजे ढोबळमानानं 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतला). आणि एजंटला सोबत न घेता एकदा बिल्डिंगीखाली उभं राहा. कंपाउंडच्या भिंतीला खालून कमरेपर्यंतच नवा रंग मारलाय का, लिफ्टच्या दाराला खालून गंज धरलाय का, पार्किंगमधलं मीटर बोर्ड नंतर वर उचलून बसवलंय का. बोर्ड वर उचललेलं असेल तर बिल्डिंगीतले लोक शहाणे आहेत, पण पाणी आलं होतं हे नक्की. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि वॉचमन 2019 ला पाणी कुठल्या पायरीला होतं ते बोट ठेवून दाखवतील. वरच्या बाजूला थोडा लहान फ्लॅट मिळत असेल तर माझं मत तिकडं. उद्यान काय, दोन गल्ल्या जास्त चालायच्या.

प्रश्न : ताराबाई पार्कात 30 वर्षं जुन्या अपार्टमेंटमध्ये फ्लॅट बघितला. लिफ्ट नाही, पण रेट ऐकून डोळे पांढरे झाले. एवढे पैसे कशाचे?

उत्तर : जागेचे, ताई. भिंतींचे नाहीत. जुन्या बिल्डिंगीत तुम्ही खरं तर जमिनीतला अविभक्त हिस्सा (सगळ्यांच्या सामाईक जमिनीतला तुमचा वाटा) विकत घेता, उद्या रीडेव्हलपमेंट झालं तर तोच कामाला येणार. म्हणून अपार्टमेंटचं डिक्लेरेशन डीड मागा आणि त्यात तुमच्या फ्लॅटला किती टक्के हिस्सा लिहिलाय ते वाचा. मग सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढा. अशा बऱ्याच ठिकाणी कार्डावर अजून मूळ बंगलेवाल्याचंच नाव असतं, तो वारला असेल तर वारस किती, कुठं, सह्या कोण करणार, हे सगळं आधी वकिलाकडून बघून घ्या, 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेच्या आधीच्या व्यवहारांची तपासणी) काढूनच. भोगवटा दाखला (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा कागद) नसेल तर बँक नाक मुरडते. दस्त तुमच्या एकटीच्या नावानं केला तर स्टँप ड्युटीत 1 टक्का सवलत आहे, ती सोडू नका.

आणि शेजारी बंगला पाडून नवीन सहा-आठ फ्लॅटची स्कीम चाललीय म्हणून तिकडं वळत असाल तर एक लक्षात ठेवा, प्लॉट 500 चौरस मीटरच्या आत किंवा फ्लॅट 8 पर्यंत असले की महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची) नोंदणी लागत नाही. या पार्कांमधल्या लहान स्कीम त्यातच बसतात. तिथं करारनाम्यातली एकेक ओळ हेच तुमचं संरक्षण, बिल्डर पाहुण्यातला असला तरी.

प्रश्न : रुईकर कॉलनीत घर घेतलंय. शेजारच्यांच्या आंब्याची फांदी आमच्या गच्चीवर आलीय, पाला पडून गटर तुंबतं. आमच्या बाजूचं छाटलं तर चालेल ना?

उत्तर : परस्पर नको. झाड खाजगी आवारातलं असलं तरी 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो, तोडायला महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि छाटणीसाठी पण उद्यान विभागात अर्ज दिलेला बरा. त्याआधी शेजारच्या काकांशी चहा घेत बोला, अर्ज त्यांच्या सहीनं गेला तर काम लवकर होतं. गच्चीच्या पाइपच्या तोंडाला जाळी बसवा, ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आणि अर्ज एप्रिल-मेमध्येच द्या, फांदी कुठं टेकलीय त्याचा फोटो जोडून.