पेशीला आधी काम करू दे

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि आलेख पाहिले. पेशींच्या रोपणानंतर १६ आठवड्यांनीही उंदरांच्या रक्तात दात्याच्या टी पेशी भरपूर आहेत, न्यूट्रोफिल या अल्पायुषी पांढऱ्या पेशी मात्र जवळजवळ नाहीत. तरीही रक्त घडवत राहणाऱ्या मूलपेशींचा (स्टेम सेल) नवा गट सापडल्याचा शोधनिबंध लगेच धाडावा, असा तुझ्या सहकाऱ्यांचा आग्रह आहे. तुझे मन तयार होत नाही, ते योग्यच आहे. टी पेशी दीर्घायुषी असतात. त्यांना जन्म देणारी पेशी संपून गेली, तरी त्या महिनोन्‌महिने रक्तात फिरत राहतात. न्यूट्रोफिलचे आयुष्य मात्र तासांचे, फार तर काही दिवसांचे. इतक्या आठवड्यांनी दात्याचे न्यूट्रोफिल दिसले, तरच मुळाशी असलेली पेशी अजून रक्त घडवते आहे असे म्हणता येईल, आणि नेमके तेच तुझ्याकडे नाहीत. पेशीला आधी काम करू दे, मग तिला नाव दे.

मार्कर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या ओळखीच्या खुणा, जुळले म्हणून काय झाले? मानवी मूलपेशी वेगळ्या काढताना सीडी३४ हा मार्कर आपण धरतो. प्रौढ उंदराच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या मूलपेशींवर मात्र तो जवळजवळ नसतो. १९९६ मध्ये नाकाउची यांच्या गटाने हे दाखवले, तेही अशी एकेकच पेशी एकेका उंदरात सोडून. साधारण पाचांपैकी एका उंदरात त्या एकाच पेशीने दीर्घकाळ रक्त घडवले. शिवाय उंदराच्या मूलपेशी ओळखायला आपण स्का-१ (Sca-1) हा मार्कर धरतो; पण संसर्गात इंटरफेरॉन हे प्रथिन वाढले की एरवी तो नसलेल्या पूर्वज पेशींवरही, म्हणजे मूलपेशींपासून झालेल्या पण फार काळ न टिकणाऱ्या पेशींवरही, तो चढतो आणि मार्करनुसार पेशी मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर त्या मूलपेशींच्या चौकटीत येऊन बसतात. तुझे उंदीर त्या काळात निरोगी होते का, हे तू लिहिलेलेच नाहीस!

टिल आणि मॅककुलॉक या कॅनडातल्या संशोधकांनी १९६१ मध्ये किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांच्या प्लीहेवरच्या गाठी मोजल्या. टोचलेल्या पेशींच्या प्रमाणात गाठी वाढत होत्या, पण तेवढ्याने ते थांबले नाहीत. एक गाठ एकाच पेशीपासून होते, हे गुणसूत्रांवरच्या खुणांनी १९६३ मध्ये दाखवले गेले. पुढे तर त्यातल्या अनेक गाठी खऱ्या मूलपेशींच्या नसून पूर्वज पेशींच्या असल्याचे कळले. कसोटीलाही कसोटी लावावी लागते, ती अशी.

प्रयोग सोडून केवळ एकपेशीय आरएनएच्या विश्लेषणाकडे, म्हणजे एकेका पेशीतली चालू जनुके वाचण्याकडे, वळावे का, या तुझ्या प्रश्नाने मात्र मी अस्वस्थ झालो. ते तंत्र मोलाचे आहे, जरूर शीक. पण वाचण्यासाठी पेशी फोडावी लागते, आणि फोडलेल्या पेशीला तू पुढे काय केले असतेस, असे विचारता येत नाही. पेशीला काम करू दे, हे मी पुन्हा म्हणतो.

मला संथ म्हटले गेले. दुय्यम रोपणाची, म्हणजे पहिल्या उंदरांची मज्जा पुन्हा नव्या उंदरांत घालून होणाऱ्या कसोटीची, वाट पाहत असताना दुसऱ्यांनी आधी छापले, अनुदान हातचे गेले, आणि त्याचे शल्य मला अजूनही आहे. तरी जे छापले त्यातले मूलपेशीचे नाव मला कधी मागे घ्यावे लागले नाही. त्या वाट पाहण्याबद्दल मी कोणाची क्षमा मागणार नाही.

आता याच उंदरांची अस्थिमज्जा नव्या, किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांत घाल आणि आणखी १६ आठवडे थांब. निबंध तोवर राहू दे. गटाला हवे असल्यास हे पत्र दाखव. आकडे पाठवशील तेव्हा सरासरी काढू नकोस. प्रत्येक उंदराचे न्यूट्रोफिल, बी आणि टी पेशी वेगवेगळ्या लिहून पाठव, ज्यांच्यात काहीच उगवले नाही त्यांचेही.

तुझा,
एक जुना सहप्रवासी